कॅशिंग प्लगिनची लॉग फाइल उघड्यावर पडली होती, सगळ्यांनी आपापलं फोल्डर बघा

वाचनालयवाला:

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले, डोक्याला दुसरं काही सुचत नाहीये म्हणून शेवटी हा धागा काढतोय. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट मी सात वर्षं बघतोय, पैसे घेत नाही, तिथलीच पुस्तकं वाचत मोठा झालो म्हणून करतो. वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर), शेअर्ड होस्टिंग. साइट फार हळू उघडायची म्हणून दोन वर्षांपूर्वी एक कॅशिंग प्लगिन टाकलं, म्हणजे पानांच्या तयार कॉप्या ठेवून साइट लवकर उघडणारं जोड-सॉफ्टवेअर (नाव घेत नाही, चूक माझी आहे). मार्चमध्ये वर्गणीचं ऑनलाइन पेमेंट अडकत होतं, सभासदाच्या खात्यातून पैसे जायचे पण पावती निघायची नाही, तेव्हा नेमकं कुठे अडतंय ते बघायला मी त्या प्लगिनचं डीबग, म्हणजे आत काय चाललंय ते एका लॉग फाइलमध्ये लिहीत राहणं, चालू केलं, दोन दिवसांत अडचण सापडली, पावत्या निघायला लागल्या, आणि डीबग बंद करायचं राहूनच गेलं.

चार दिवसांपूर्वी एफटीपीने सगळं फोल्डर उतरवून घेत होतो, एरवी वीस मिनिटांचं काम, तासभर झाला तरी संपेना. बघतो तर डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरमध्ये डीबग डॉट लॉग नावाची एकच फाइल ४१२ एमबीची. उघडली. आधी नुसती वेळ, आयपी, कुठलं पान कॅशमधून दिलं असल्या ओळी. मग एक ओळ आली, सेट-कुकी, पुढे वर्डप्रेस-लॉग्ड-इन, मग आमच्या ग्रंथपालबाईंचं युजरनेम, मग टक्क्याची खूण सात सी, मग दहा आकडी नंबर, परत टक्का सात सी, आणि पुढे अक्षरांची लांबलचक माळ. म्हणजे बाईंची अख्खी लॉगिन कुकी, जी हातात आली की पासवर्ड न टाकता बाईंच्या नावाने आत शिरता येतं. खाली स्क्रोल करत गेलो तर अशा शेकड्याने ओळी, माझ्यासुद्धा.

मग फोनचं वायफाय बंद केलं, मोबाइल डेटावरून, लॉगिन न करता, आमच्या साइटच्या पत्त्यापुढे डब्ल्यूपी-कंटेंट आणि ती फाइल असं टाइप केलं. डाउनलोड सुरू झाला. अंगावर काटा आला अक्षरशः. १,९०० सभासदांची नावं, पत्ते, फोन नंबर त्या अ‍ॅडमिनमध्ये आहेत, त्यात निम्मे लोक सत्तरीच्या पुढचे, आम्हाला ओळखतात म्हणून विश्वासाने नंबर दिलेले. आता काय करू, कुठून सुरुवात करू? आणि हे माझ्याच बाबतीत झालंय की आणखी कोणाचं झालंय?

मेधा_पुणे:

दादा, आधी पाणी प्या आणि मग हे ह्याच क्रमाने करा. फाइल लगेच डिलीट करू नका, आधी स्वतःच्या कॉम्प्युटरवर तिची एक कॉपी घ्या, आणि होस्टिंगच्या पॅनलमधून अ‍ॅक्सेस लॉग उतरवून घ्या, म्हणजे कोणी कुठली फाइल मागितली त्याची नोंद, जेवढ्या दिवसांचा मिळेल तेवढा, कारण स्वस्तातल्या होस्टिंगला तो थोडेच दिवस टिकतो आणि एकदा गेला की कोणी फाइल नेली का हे कधीच कळणार नाही. ते झालं की सर्व्हरवरची फाइल उडवा, डीबग बंद करा. मग डब्ल्यूपी-कॉन्फिग या वर्डप्रेसच्या सेटिंग फाइलमधल्या आठच्या आठ कीज आणि सॉल्ट्स (कुकी खरी की खोटी हे ठरवणाऱ्या गुप्त अक्षरमाळा) बदला. हे सगळ्यात महत्त्वाचं. सॉल्ट बदलले की आजवर दिलेल्या सगळ्या लॉगिन कुकीज एका फटक्यात रद्दी होतात, ज्याच्या हातात चोरलेली कुकी असेल त्याला ती काही कामाची राहत नाही. नंतर सगळ्या अ‍ॅडमिन आणि एडिटर लोकांचे पासवर्ड, आणि युजरच्या यादीत न ओळखीचा अ‍ॅडमिन आहे का ते बघा.

आणि तुमच्या एकट्याचं नाही झालेलं. लाइटस्पीड कॅशची सप्टेंबर २०२४ ची भानगड वाचलीत तर तुमच्या पोस्टमधलीच वाक्यं सापडतील. सीव्हीई-२०२४-४४०००, सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या भोकाचा नोंदणी क्रमांक. ६० लाखांहून जास्त साइटवर चालणारं प्लगिन, डीबग चालू असलं की रिस्पॉन्सचे हेडर (पानाबरोबर जाणारी माहिती) लॉगमध्ये लिहायचं, त्यात सेट-कुकी पण, आणि लॉग कुठे, तर डब्ल्यूपी-कंटेंटमध्येच, सगळ्या जगाला आधीपासून माहिती असलेल्या नावाने. पॅचस्टॅक या वर्डप्रेस सुरक्षेच्या कंपनीतल्या राफी मुहम्मद यांनी हे शोधलं. ६.५.०.१ मध्ये दुरुस्ती आली, लॉगला वेगळं फोल्डर दिलं, फाइलच्या नावात आडाखा बांधता येणार नाही अशी अक्षरं घातली, कुकी लिहिणं बंद केलं. पण लोकांच्या लक्षात न आलेली गोष्ट अशी की प्लगिन अपडेट केलं तरी जुनी फाइल जुन्या जागी तशीच पडून राहू शकते. डीबग कधीकाळी एकदा चालू केलं असेल, नंतर बंद केलं असेल, तरी फाइल आहेच. अपडेट केलं, सुटलो, असं समजून जे बसले त्यांच्यासाठी सांगतेय, फोल्डर उघडून डोळ्यांनी बघितल्याशिवाय खात्री धरू नका.

नवखा_वेबवाला:

मी क्लायंटच्या छोट्या साइट बनवतो, एक बेसिक शंका आहे, राग मानू नका. मी ब्राउझरमध्ये डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी टाकून बघितलं तर पांढरं कोरं पान येतं. म्हणजे माझी फाइल सेफ आहे ना? मग लोक म्हणतात की प्लगिनमधून कॉन्फिग फुटली, ते कसं काय?

सर्व्हरकाका:

शंका चांगली आहे, राग कसला. कोरं पान येतं ते सर्व्हर फाइल दाखवत नाही म्हणून येत नाही, तर ती चालवतो म्हणून येतं. डॉट पीएचपी दिसलं की सर्व्हर ती फाइल पीएचपीच्या हवाली करतो, पीएचपी ती चालवतं, त्यात छापण्यासारखं काही नाही म्हणून कोरं. आता तीच फाइल कोणीतरी डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी डॉट बॅक नावाने सेव्ह करून ठेवली, आपण सगळेच ठेवतो बदल करायच्या आधी, तर सर्व्हरच्या लेखी ती साधी फाइल, डेटाबेसच्या पासवर्डसकट जशीच्या तशी वाढून देतो. आणि तिसरा रस्ता म्हणजे प्लगिनमधलंच एखादं भोक. प्लगिन स्वतः पीएचपी आहे, सर्व्हरच्या आत बसलेलं आहे, त्याला फाइल वाचायची मुभा आहेच. बाहेरच्याने त्याला सांगितलं की अमुक फाइल वाचून मला दे, आणि त्याने कोण विचारतंय, कुठली फाइल मागतोय हे न बघता दिली, की खेळ खलास. ब्राउझरमधलं कोरं पान तिथे काही कामाचं नाही.

आता कॅशिंग प्लगिनमध्येच हे वारंवार का होतं ते सांगतो, मी बावीस वर्षं सर्व्हर सांभाळण्यात घालवली म्हणून. कॅशचं कामच मुळात कॉपी करून ठेवण्याचं. पानाची कॉपी, डेटाबेसने दिलेल्या उत्तराची कॉपी, स्टाइलच्या दहा फाइल एकत्र करून त्याची कॉपी. कॉपी लवकर मिळावी म्हणून ती वेबसर्व्हरच्या हाताशी, म्हणजे उघड्या फोल्डरमध्ये. मूळ गोष्टीला कुलूप असतं, कॉपीला कुलूप लावायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. घराची तिजोरी बंद आणि दागिन्यांची यादी ओट्यावर, तसं.

सगळ्यात ठळक उदाहरण २०१२ चं, नाताळच्या तोंडावरचं. डब्ल्यू३ टोटल कॅश. जेसन डोनेनफेल्ड, ज्यांनी पुढे वायरगार्ड हे व्हीपीएन बनवलं तेच, त्यांनी फुल डिस्क्लोजर या सॉफ्टवेअरमधली भोकं जाहीर करायच्या मेलिंग लिस्टवर टाकलं की ह्या प्लगिनची डेटाबेस कॅश डिस्कवर ठेवली तर ती डब्ल्यूपी-कंटेंटखालच्या फोल्डरात जाते आणि ते फोल्डर बाहेरून उघडतं. कित्येक साइटवर फोल्डरची यादीच दिसायची, गूगलवर शोधलं तरी सापडायची. आणि यादी बंद केली असली तरी सुटका नव्हती, कारण फाइलची नावं ठरवण्याची पद्धत अशी की बाहेरून हिशोब करून काढता यायची. त्या फाइलमध्ये काय, तर डेटाबेसच्या उत्तराच्या कॉप्या, त्यात युजर टेबलची ओळ आली असेल तर पासवर्डचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून काढलेली अक्षरांची माळ. त्यांनी हे करून दाखवणारी एक स्क्रिप्टपण टाकली होती. लोक म्हणाले, अहो सेटिंग नीट केलं असतं तर झालं नसतं. माझं तेव्हाही म्हणणं होतं आणि आजही आहे, प्लगिन टाकणारा माणूस दुकानदार असतो, मास्तर असतो, वाचनालयाचा स्वयंसेवक असतो, त्याने नुसतं इन्स्टॉल दाबलं तरी ते बंदिस्तच निघालं पाहिजे.

घाटमाथा_८:

काका एकदम बरोबर. त्याच प्लगिनमध्ये नंतर जे निघालं ते मला जास्त धडकी भरवणारं वाटतं, सीव्हीई-२०१९-६७१५, कारण तिथे फाइल चुकून उघडी नव्हती, मागून घेता येत होती. ०.९.४ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये एक एसएनएस डॉट पीएचपी नावाची फाइल होती, अ‍ॅमेझॉनची नोटिफिकेशन सर्व्हिस आहे तिच्यासाठी. चार-पाच सर्व्हर असले की एकाने कॅश साफ केली की बाकीच्यांना निरोप जावा म्हणून. त्या सर्व्हिसची पद्धत अशी की सुरुवातीला ती एक निरोप पाठवते, सबस्क्रिप्शन कन्फर्म करायचंय, ही घ्या लिंक, ह्या लिंकला भेट द्या. प्लगिन बिचारं आज्ञाधारक, लिंक आली की उघडायचं. निरोप खरंच अ‍ॅमेझॉनकडून आलाय का, लिंक खरंच अ‍ॅमेझॉनची आहे का, काही विचारपूस नाही. मग कोणी लिंकच्या जागी सर्व्हरवरच्याच फाइलचा पत्ता दिला की प्लगिन ती फाइल वाचून समोर ठेवणार. लॉगिन लागत नाही, काही नाही. आणि तुम्ही अ‍ॅमेझॉनचं काही वापरत नसलात तरी ती फाइल तुमच्या साइटवर होतीच ना, प्लगिनबरोबर आलेली! न वापरलेल्या फीचरचं भोकसुद्धा आपल्याच घराला, हे मी तेव्हापासून मनावर घेतलंय.

आणि अजून एक, डब्ल्यूपी रॉकेट २.९.३, तेही कॅशिंगचंच प्लगिन, साल २०१७. तिथे तर बचाव केलेला होता, पत्त्यात दोन टिंबं लागोपाठ आली की काढून टाकायची, म्हणजे कोणी फोल्डरच्या वर चढत जाऊ शकणार नाही. पण टिंबांच्या मध्ये शून्य बाइट (न दिसणारं रिकामं अक्षर) घातला तर गाळणीला दोन टिंबं लागोपाठ दिसतच नाहीत, आणि पुढे गेल्यावर ती टिंबं आपलं काम करतात. वाईट अक्षरं गाळत बसण्यापेक्षा शेवटी जी फाइल उघडणार तिचा खरा पत्ता काढून तो आपल्याच फोल्डरच्या आत आहे का ते बघायचं, हा साधा उपाय. मी स्वतः प्लगिन लिहितो, रोज हाच कोड रिव्ह्यूमध्ये येतो आणि रोज परत पाठवतो.

माडबन:

एवढं सगळं असेल तर कॅशिंग प्लगिन काढूनच टाका ना. मी माझ्या होमस्टेच्या साइटवरून काढलं. कशाला विकतचं दुखणं.

मेधा_पुणे:

माडबन, तुमच्या साइटला जमेल, सगळ्यांना नाही जमणार. माझ्याकडे एका शाळेची साइट आहे, निकालाच्या दिवशी सकाळी अकराला अख्खा तालुका एकदम येतो, कॅश नसेल तर तिसऱ्या मिनिटाला साइट झोपते आणि मग पालक शाळेच्या फोनवर तुटून पडतात. वेग ही पण गरज आहे, चैन नाही. मुद्दा एवढाच की कॅशिंग प्लगिन म्हणजे सजावट नव्हे, ते साइटच्या पायाशी बसलेलं असतं, प्रत्येक माणूस त्याच्या हाताखालून आत जातो. म्हणून ते निवडताना आणि अपडेट करताना डेटाबेसएवढीच काळजी घ्यायची.

आणि नुसतं प्लगिन काढूनही काम संपत नाही, काढल्यावर त्याचं फोल्डर मागे राहतं बऱ्याचदा. तुम्ही काढलंत ना, जरा बघून सांगा डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये कॅश नावाचं फोल्डर अजून आहे का.

माडबन:

आहे 😐 आत दोन वर्षांपूर्वीच्या बुकिंगच्या थँक यू पानाच्या कॉप्या आहेत. पाहुण्याचं नाव, तारीख, किती जण, सगळं. आत्ता उडवतोय. मेधाताई, खूप आभार, मी इथे नुसता सल्ला द्यायला आलो होतो.

फ्रँकफुर्टचा_मराठी:

माडबन यांच्या पोस्टमध्ये जे आलं ते वेगळं दुखणं आहे आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं म्हणून लिहितो. इथे फाइल उघडी राहायचीही गरज नाही, कॅश फक्त चुकीच्या पानाची झाली पाहिजे. २०१५ च्या नाताळच्या दिवशी स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानावर लोकांना आपल्या ऐवजी दुसऱ्याच कोणाची अकाउंटची पानं दिसायला लागली होती, त्या दिवशी त्यांच्यावर ट्रॅफिकचा हल्ला चालू होता, तो थोपवायला कॅशचे नियम घाईत बदलले आणि लॉगिन केलेल्या लोकांची पानंही कॅश झाली. साधारण ३४ हजार लोकांची पानं अशी गेली, हे स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीनेच सांगितलं. २०१७ मध्ये ओमर गिल यांनी पेपॅलवर दाखवलं ते तर मुद्दाम घडवता येणारं, खाजगी पानाच्या पत्त्यापुढे नसलेल्या स्टाइल फाइलचं नाव जोडायचं, सर्व्हर खाजगी पानच देतो, कॅशला वाटतं स्टाइल फाइल आहे, ती सगळ्यांसाठी ठेवून देते. आपल्या वर्डप्रेसवाल्यांनी यातून काय घ्यायचं तर लॉगिन केलेल्या युजरसाठी कॅश बंद, आणि कार्ट, चेकआउट, पावती, फॉर्म भरल्यानंतरचं पान, हे सगळं हाताने यादीत टाकून वगळायचं. प्लगिनला तुमचं थँक यू पान खाजगी आहे हे कळत नाही, ते तुम्हालाच सांगावं लागतं.

वाचनालयवाला:

मेधाताई, तुम्ही सांगितलं तसं सगळं केलं. सॉल्ट बदलल्या क्षणी ग्रंथपालबाईंचा फोन आला की मी बाहेर कशी फेकले गेले, तेव्हा जरा धीर आला. अ‍ॅक्सेस लॉग तीस दिवसांचा मिळाला. रात्री एक ते साडेचार बसून बघितला.

सांगायला बरं वाटत नाही पण सांगतो. अकरा दिवसांपूर्वी पहाटे ३ वाजून १७ मिनिटांनी एकाच आयपीवरून चौदा सेकंदांत वीस-एक रिक्वेस्ट. डॉट ईएनव्ही, ४०४, म्हणजे अशी फाइल नाही. डब्ल्यूपी-कॉन्फिग डॉट पीएचपी डॉट बॅक, ४०४. बॅकअप डॉट झिप, ४०४. डेटाबेस डॉट एसक्यूएल, ४०४. असं खाली खाली, आणि मध्ये एक ओळ, डीबग डॉट लॉग, २००, म्हणजे फाइल दिली, आणि पुढे बाइट्सचा आकडा, जवळजवळ ३९ कोटी. म्हणजे तेव्हा होती तेवढी अख्खी नेली. कोणी माणूस आमच्यावर डूख धरून बसलेला नव्हता, सगळ्या साइटची दारं ढकलत जाणारं यंत्र होतं, आमचं दार उघडं निघालं. त्यानंतर त्या आयपीवरून किंवा दुसऱ्या अनोळखी आयपीवरून अ‍ॅडमिनची पानं उघडलेली मला तरी दिसली नाहीत. नवीन युजर नाही, प्लगिनच्या फाइल्स मूळ कॉपीशी ताडून बघितल्या, बदल नाही. पण फाइल गेली ती गेली. सभासदांना सांगू का? अध्यक्ष म्हणतायत उगाच घबराट होईल.

सर्व्हरकाका:

सांगा. तुम्हाला अ‍ॅडमिनची पानं उघडलेली दिसली नाहीत ही चांगली बातमी, तीही सांगा. वर्डप्रेसची लॉगिन कुकी साधी असेल तर दोन दिवस, आणि रिमेंबर मी टिक केलं असेल तर चौदा दिवस चालते, म्हणजे फाइल नेली त्या दिवशी त्यातल्या थोड्या कुकीज जिवंत होत्या, हे खरं धरून चाला. शिवाय त्या लॉगमध्ये कुकीशिवाय काय काय आहे ते तपासा, पानाच्या पत्त्यात फोन नंबर किंवा ईमेल जातो का कुठे, शोधाच्या रकान्यातून, पावतीच्या लिंकमधून. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांत असले प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय, वाचनालय त्यात बसतं की नाही याचा कीस काढत बसू नका, कळवून टाका. अध्यक्षांना म्हणावं, वाचकाला वाचनालयाकडून कळलं तर तो चार प्रश्न विचारेल, आणि कुठल्या तरी भामट्याच्या फोनवरून कळलं तर वर्गणीच बंद करेल.

नवखा_वेबवाला:

काका आता माझं काय ते सांगा, मी बॅक फाइल्स सगळ्या साइटवर ठेवतो. आणि .एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (सर्व्हरसाठी नियम लिहायची फाइल) लॉग फाइल ब्लॉक करणारी ओळ टाकली की झालं का?

घाटमाथा_८:

सर्व्हर अपाची किंवा लाइटस्पीड असेल तर चालेल, एनजिनेक्स असेल तर ती फाइल तो वाचतच नाही, तिथे सर्व्हरच्या कॉन्फिगमध्येच नियम घालावा लागतो, आणि असंख्य लोक इथेच फसतात, प्लगिनने एचटीअ‍ॅक्सेस टाकून दिलंय ना मग काय, आणि खाली एनजिनेक्स. म्हणून ओळ टाकली यावर थांबू नको, बाहेरून पत्ता टाकून बघ, ४०३ (मनाई) किंवा ४०४ आलं तरच मान. फोल्डरची यादी दिसणं बंद कर. डॉट लॉग, डॉट बॅक, डॉट ओल्ड, डॉट एसक्यूएल, डॉट झिप असं शेवट असलेलं सगळं एकदा शोध, आणि बॅकअप ठेवायचा तर वेबच्या फोल्डरच्या बाहेर, एक पायरी वर. वर्डप्रेसचा स्वतःचा डीबग लॉगसुद्धा ५.१ पासून हवा त्या जागी लिहिता येतो, डब्ल्यूपी-डीबग-लॉगसमोर ट्रूच्या ऐवजी बाहेरच्या फोल्डरचा पूर्ण पत्ता द्यायचा, एक ओळीचं काम आहे.

आणि अपडेट. डब्ल्यू३ टोटल कॅशमध्येच परत २०२५ च्या सुरुवातीला जाहीर झालं, सीव्हीई-२०२४-१२३६५, २.८.१ पर्यंतच्या व्हर्जनला, साधा सबस्क्रायबर असलेला माणूस सर्व्हरकडून हव्या त्या पत्त्यावर रिक्वेस्ट करवून घेऊ शकत होता, क्लाउडवर साइट असेल तर त्या मशीनची आतली माहितीसुद्धा. १० लाखांवर साइट. २.८.२ मध्ये दुरुस्त झालं. तुझ्या क्लायंटच्या साइटवर कोणालाही रजिस्टर करता येतं का? तर सबस्क्रायबर म्हणजे कोणीही.

वाचनालयवाला:

अध्यक्ष तयार झाले. काल संध्याकाळी सगळ्यांना मेसेज गेला, आणि ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही त्यांच्यासाठी दाराशी फळ्यावर मी स्वतः खडूने लिहिलं, काय झालं, काय गेलं असू शकतं, आणि वाचनालयाच्या नावाने कोणी ओटीपी मागितला तर देऊ नका. सर्ट-इनलाही कळवलं. तेवीस फोन आले आत्तापर्यंत, एकच रागावले, बाकीच्यांनी विचारलं की पुस्तकं मिळणार ना उद्या.

लॉगमध्ये पावतीच्या लिंकमधून ६४ जणांचे फोन नंबर गेलेले सापडले, त्यांना मी एकेकाला फोन करतोय, चाळीस झाले. आणि मेधाताई, तुम्ही फोल्डर डोळ्यांनी बघा म्हणालात म्हणून परत एकदा बघितलं, तर दीड महिन्यापूर्वी थीम बदलून बघायला साइटची एक कॉपी केली होती टेस्ट नावाच्या फोल्डरात, तिच्यातही तीच लॉग फाइल, १९० एमबी, उघडी. अ‍ॅक्सेस लॉगमध्ये तिच्यावर एकही हिट नाही. उडवली. आत्ता फोनवरून दोन्ही पत्ते टाकून बघितले, ४०४.

नवखा_वेबवाला:

माझ्याकडच्या सहापैकी चार साइट बघून झाल्या. दोनमध्ये बॅक फाइल उघडत होती, पासवर्डसकट. एकीत कॅशच्या फोल्डरची अख्खी यादी दिसत होती. डेटाबेसचे पासवर्ड बदलले, क्लायंटला फोन केला, ऐकून घेतलं त्यांचं. उरलेल्या दोन आज रात्री करतोय, त्यातली एक डॉक्टरांची आहे, तीच आधी घेतो.